माथेरानचा घोडा व त्याचें पोट

नेरळ स्टेशनावर उतरून वर पाहिलें, म्हणजे माथेरानचा डोंगर उपड्या घातलेल्या पाटासारखा माथ्यावर सपाट दिसतो. उंची सुमारें ८०० मीटर. महाबळेश्वराच्या मानानें निम्म्याहून थोडी अधिक. ठाण्याचे तेव्हांचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे १८५० सालच्या मे महिन्यांत हा डोंगर चढले, आणि तेव्हांपासून साहेबलोकांस तो ठाऊक झाला. धनगर, ठाकर व कातकरी मंडळींचा वावर तेथें त्यापूर्वींहि होताच. परंतु त्यांचें चढणें कोणी टिपून ठेवलें नाहीं. पुढें १९०७ सालीं पीरभॉय घराण्याच्या खटपटीनें दोन फूट रुंदीच्या रुळांवरची लहानगी आगगाडी वर पोंचली. खाजगी मोटारीस मात्र दस्तुरी नाक्यापुढें मज्जाव आहे. तेथून बाजारापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरांची तांबडी वाट पायीं चालावी, लहान गाडीनें जावें, नाहीं तर घोड्यावर बसावें. २०२२ च्या डिसेंबरांत विजेवर चालणाऱ्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें माणसानें माणसास ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याची आज्ञा केली. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण त्यांमुळें घोडेवाल्यांच्या मनांत धाकधूक उत्पन्न झाली, हेंहि खरें.

या गिरिस्थानाचीं वर्णनें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. पॅनोरमा पॉइंटावरचा सूर्योदय, शार्लट तलावाची शांतता, माकडांनीं पळविलेल्या पिशव्या, हें सर्व आम्हींहि पाहिलें, आणि तें जसें वर्णितात तसेंच आहे. आम्ही लहानथोर मिळून नऊ माणसें चैत्र-वैशाखांत तेथें बिऱ्हाड करून तीन आठवडे राहिलों. त्या तीन आठवड्यांत आमचें लक्ष ज्या एका गोष्टींत गुंतून राहिलें, ती कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडावयाची नाहीं. ती गोष्ट म्हणजे आमच्या बिऱ्हाडामागील तबेल्यांतल्या एका हडकलेल्या घोडीचें जेवण.

घोडीचें नांव बिजली. नांव आणि रूप यांची अशी फारकत क्वचितच पाहावयास मिळते. बरगड्या एक एक करून मोजून घ्याव्या; पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला, कुल्ल्यांचीं हाडें खुंट्यांसारखीं, मान आटलेली; आणि या सर्वांखालीं पोट मात्र घागरीसारखें सुटलेलें. तिचा धनी साठीच्या घरांतला, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडींतला, दोन घोड्यांवर पांच माणसांचा संसार चालविणारा. आमचीं मुलें त्याला पहिल्या दिवसापासून मामा म्हणूं लागलीं. आमच्या आत्याबाईंनीं घोडी पाहतांच सरळ विचारलें, "मामा, हिला खायला घालतां कीं नाहीं?"

मामास राग आला नाहीं. तो म्हणाला, "आजी, पोरांच्या आधी हिच्या तोंडाशी धरतो. खाते बी चांगली. पन अंगी लागत नाय."

तें खोटें नव्हतें. सकाळीं एक तोबरा आणि संध्याकाळीं एक तोबरा, प्रत्येकांत दोन-अडीच किलो हरभऱ्याची चंदी, असा तिचा खुराक होता. काम अधिक पडलें कीं त्यांत आणखी दोन ओंजळी. मधल्या वेळीं भाताचा पेंढा, तोहि बेताचाच, कारण पेंढ्यानें पोट सुटतें अशी मामाची समजूत. रात्रीं नऊनंतर सकाळपर्यंत दावणींत कांहींच नाहीं. आमच्या घरांत एखादें मूल असें वाळलें असतें, तर आम्हींहि त्याच्या पानांत तूप वाढलें असतें. मामा तेंच करीत होता. आदल्या मार्गशीर्षांत या घोडीस पोटशूळ उठून ती रात्रभर लोळत होती. मामानें आणि त्याच्या मुलानें तिला आळीपाळीनें पहाटेपर्यंत चालविलें, तेव्हां कोठें वायु मोकळा झाला. तेव्हांपासून तिची उतरती कळा लागली होती. एका दलालानें येऊन तिची किंमतहि करून ठेवली होती. तो तिला कोठें नेणार, हें मामा बोलला नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

घोडा कां अडला, पान कां सडलें, भाकरी कां करपली, या जुन्या कोड्यास आपण लहानपणापासून 'न फिरविल्यामुळें' असें एकच उत्तर देत आलों आहोंत. ही घोडी अडली होती ती न फिरविल्यामुळें नव्हे, न चावल्यामुळें. हें कळावयास तिसऱ्या दिवशीं खालून पशुवैद्य यावे लागले.

त्यांनीं खाण्याचा प्रश्न बाजूस ठेवून आधीं घोडीचें तोंड उघडलें. घोड्याच्या दाढा जन्मभर हिरडीबाहेर सरकत असतात आणि गवत चावून चावून जन्मभर झिजत असतात. वरचा जबडा खालच्याहून रुंद, म्हणून झीज सारखी होत नाहीं. वरच्या दाढांची गालाकडील कड आणि खालच्या दाढांची जिभेकडील कड सुरीसारखी धारदार होत जाते. बिजलीच्या गालाला आंतून जखमा झाल्या होत्या. गवताचा घांस तोंडांत घोळवून ती अर्धवट चावलेल्या गोळ्या खालीं टाकीत असे. त्या गोळ्या दावणीशीं रोज पडत, रोज झाडून निघत. तिच्या लीदेंत हरभऱ्याचे अख्खे दाणे दिसत होते; मामास वाटे कीं चंदी भरपूर पडत असल्याचीच ती खूण. पशुवैद्यांनीं लांब दांड्याच्या कानशीनें त्या कडा घासून काढल्या. लीद तपासण्यास नेली, जंतांचें औषध दिलें, आणि रक्ताचा थेंबहि घेतला. आपल्याकडे घोडा कारणावांचून वाळूं लागला, मधून मधून तापूं लागला, पायांवर सूज दिसूं लागली, तर सर्रा नांवाच्या रोगाची शंका घ्यावी लागते. माशांच्या दंशानें पसरणाऱ्या त्या रोगाचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें १८८० सालीं डेरा इस्माइल खान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत प्रथम पाहिला. बिजलीस सुदैवानें तो रोग नव्हता. तिला होते जंत, दाढा, आणि हरभरा.

हरभरा कसा काय अपराधी, असें आमच्याप्रमाणें वाचकांसहि वाटेल. पिढ्यानपिढ्या घोडा म्हटला कीं हरभरा हें समीकरण ठरलेलें. पण घोड्याचें पोट कसें चालतें, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे उलगडा होतो. गाय आपल्या गोठ्यांतली, म्हणून तिची रीत आपल्या ओळखीची आहे. ती भराभर चरते आणि मग सावलींत बसून रवंथ करते. गवत आंबविण्याचा तिचा मोठा रांजण पोटाच्या अगदीं आरंभीं असतो. त्यामुळें आंबून तयार झालेलें सत्त्व पुढच्या आंतड्यांतून जातां जातां शोषलें जातें. घोड्याचें सारें उलट. त्याचें जठर देहाच्या मानानें फार लहान. पुऱ्या वाढीच्या मोठ्या घोड्याचेंहि आठ ते पंधरा लिटरांचें. त्याला ओकारी करतां येत नाहीं, म्हणून जें आंत गेलें त्याला पुढें जाण्यावांचून वाट नाहीं. जठरानंतर वीस मीटरांच्या आसपास लांबीचें लहान आंतडें. धान्याचें पिष्ट पचावयाचें तें येथें. आंबविण्याचा रांजण त्याच्याहि पुढें: मीटरभर लांबीची, तीसएक लिटर सामावणारी अंधनाल, आणि तिच्याहून मोठें असें बृहदांत्र. तेथें अगणित सूक्ष्म जंतु गवताचे चिवट धागे आंबवून त्यांतून घोड्याला लागणारी शक्ति निर्माण करीत असतात. घोडा गवत खातो असें आपण म्हणतों. वस्तुतः तो या जंतूंना गवत खाऊं घालतो आणि त्यांच्या कमाईवर जगतो.

आतां इवल्याशा जठरांत एका वेळीं अडीच किलो चंदी पडली, तर ती पुरती पचण्यापूर्वींच पुढें ढकलली जाते, आणि कच्चें पिष्ट थेट रांजणांत उतरतें. तेथें तें झपाट्यानें आंबतें, आम्लता चढते, गवत पचविणारे जंतु मरूं लागतात, वायु धरतो. त्यांतूनच पोटशूळ. पुष्कळदां या विकाराचा शेवट पायांत होतो; खुरांच्या आंतील पडदे सुजून घोडा जन्माचा लंगडा होऊन बसतो. म्हणजे मामा जसजसा हरभरा वाढवी, तसतशी घोडीची गवत पचविण्याची ताकद उणी होई, आणि ती वाळली म्हणून तो पुन्हा हरभरा वाढवी. त्यांत रात्रीची रिकामी दावण. घोड्याच्या जठरांत आम्ल चोवीस तास पाझरत असतें, अन्न असो वा नसो. त्या आम्लाचा दाह शमविते ती लाळ, आणि घोड्याची लाळ चावल्यावांचून सुटत नाहीं. रानांतला घोडा दिवसरात्र मिळून सोळाएक तास चरत असतो, तो अधाशी म्हणून नव्हे. त्याच्या पोटाची ती गरज आहे. आठ-नऊ तास रिकामी दावण म्हणजे जठरावर तितके तास आम्लाचा अभिषेकच.

येथें कोणी विचारील, कीं माथेरान तर हिरवेंगार. मग गवताला काय तोटा? हा प्रश्न आमच्या मुलांनींहि विचारला. वर झाडी आहे, पण ती इतकी दाट आहे कीं तिच्या सावलींत चरण्याजोगें गवत फारसें वाढत नाहीं. जमीन तांबड्या जांभ्याची. पाऊस धो धो पडतो आणि वाहून जातो. जें कांहीं उगवतें तें कार्तिकापर्यंत वाळून काडी होतें. रान राखीव आहे. २००३ सालापासून सारा परिसर शासनानें संवेदनक्षम ठरविला आहे, आणि तो तसा ठरविला हें योग्यच झालें. तेव्हां घोड्याची वैरण खालून यावयाची. दस्तुरीपर्यंत टेंपोनें आणि तेथून पुष्कळदां घोड्याच्याच पाठीवरून. तिची किंमत वाटेंत वाढत जाते. गवत अवजड आणि हरभरा आटोपशीर. एक पोतें हरभरा वर आणणें सोपें, तेवढ्याच शक्तीचें गवत आणणें कठीण. माथेरानच्या घोड्याला चंदी फार आणि चारा थोडा मिळतो, याचें निम्मे कारण अज्ञान असेल. निम्मे हा घाट आहे.

नेरळ-कर्जतकडे मुबलक मिळतो तो भाताचा पेंढा. तो जनावराचें पोट भरतो, पोशीत नाहीं. त्यांत काष्ठ आणि वाळूचा अंश फार, सत्त्व थोडें. त्यानें व जंतांनीं मिळून बिजलीचें पोट घागरीसारखें केलें होतें. डोंगरउतारावरचें गवत बरें, परंतु तें फुलोऱ्यावर असतां कापलें तर. बीं झडून गेल्यावर कापलेलें गवत आणि केरसुणी यांत फारसा भेद राहत नाहीं. घाटावर याहून सुबत्ता आहे. भीमा-नीरेच्या कांठची हरळी खाऊन वाढलेल्या भीमथडी तट्टांवर मराठी फौजांनीं केवढाल्या मजला मारल्या, हें आपण इतिहासांत वाचतों. तीच हरळी आपण दूर्वा म्हणून गणपतीस वाहतों. आत्याबाई म्हणाल्या, "देवाला एकवीस जुड्या पुरतात, हिला भारे लागतील."

पशुवैद्यांनीं जो आहार ठरवून दिला, तो आम्ही येथें जरा विस्तारानें देतों, कारण आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या गांवीं घोडें असल्यास तो उपयोगी पडेल. पहिलें काम वजनाचें. माथेरानांत घोडा तोलण्याचा कांटा कोठला? त्यांनीं शिंप्याची फीत मागविली. छातीचा घेर सेंटिमीटरांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्यास खांद्याच्या टोंकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतच्या लांबीनें गुणावें, आणि ११,८८० नें भागावें. येतील ते किलो. घेर १४५, लांबी १३५. आमच्या पुतण्यानें कागदावर गुणाकार मांडून २३९ किलो असें उत्तर काढलें आणि त्या दिवसापासून तो बिजलीचा कारकून झाला. अमेरिकेंत हेनेके व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ सालीं घोड्याच्या अंगलटीस एकापासून नवापर्यंत गुण देण्याची रीत प्रसिद्ध केली. बरगड्यांवर, कण्यावर, शेपटीच्या मुळाशीं हात फिरवून गुण ठरवावयाचे. पांच म्हणजे मध्यम आणि उत्तम. बिजलीस दोन मिळाले.

तिच्या बांध्यास २८० किलो तरी असावें, असें पशुवैद्यांचें मत पडलें. आणि चारा आजच्या वजनावर न बेततां त्या व्हावयाच्या वजनावर बेतावा. शंभर किलोंस दोन ते अडीच किलो कोरडा चारा, या मानानें दिवसाला साडेपांच ते सात किलो वाळलेलें गवत. तें दोन वेळां न टाकतां थोडें थोडें पांच-सहा वेळां टाकावें, आणि रात्रीचा वांटा सर्वांत मोठा असावा. त्यांत किलो-दीड किलो वाळविलेला लसूणघास मिसळावा; त्यानें प्रथिनें व चुना दोन्ही मिळतात आणि जठरांतील आम्लहि जरा सौम्य होतें. हरभरा सारा बंद करण्याचें कारण नाहीं. तो भरडून, भिजवून, जवाच्या भरड्यांत मिसळून दिवसाला किलोभर, आणि तोहि चार वेळां पाव-पाव किलो करून द्यावा. गवत आधीं, चंदी मागून. अधिक शक्ति हवी ती तेलानें भरून काढावी. घोड्याला पित्ताशय नाहीं, पण त्याचें पित्त संथपणें अखंड वाहत असतें. त्यामुळें तेल थोडें थोडें वाढवीत नेलें तर तें त्याला चांगलें पचतें, आणि त्यांत पिष्ट मुळींच नसतें. पहिल्या दिवशीं दोन चमचे. तीन आठवड्यांनीं वाटीभर. मीठ दोन मोठे चमचे. पाणी पंचवीस-तीस लिटर, हवें तेव्हां आणि स्वच्छ. कोंडा सढळ हातानें घालूं नये. गव्हाच्या कोंड्यांत स्फुरद फार व चुना थोडा, आणि नुसत्या कोंड्यावर वाढविलेल्या घोड्यांचीं हाडें ठिसूळ होऊन जबडे फुगतात, हें पूर्वींपासून माहीत आहे. हिरवी कोंवळी ज्वारी दाखवूंहि नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें, कीं हा सारा पालट दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करावा. रांजणांतले जंतु एका रात्रींत बदलत नाहींत.

पशुवैद्यांनीं जातां जातां आणखी एक गोष्ट सांगितली. खरोखर उपासमार झालेला घोडा हातीं आला, तर दयेपोटीं त्याच्यापुढें धान्याची पाटी ठेवणें हें त्याला मारणेंच होय. कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथील पशुवैद्यांनीं अशा घोड्यांवर निरनिराळे आहार योजून पाहिले. थोडा थोडा लसूणघास दर चार तासांनीं देणें हेंच सर्वांत हिताचें ठरलें. धान्य एकदम पोटांत गेलें कीं रक्तांतील स्फुरदादि क्षार अकस्मात् घसरतात, आणि चांगलें खाऊं लागलेलें जनावर तीन-चार दिवसांत दगावतें. यावर आत्याबाई म्हणाल्या, "लंघन झालेल्याला आधी पेज, मग मऊ भात, मग वरण, हें सांगायला अमेरिका कशाला?" कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अश्वाध्यक्षावर एक सबंध अध्याय आहे, त्यांत घोड्याचें धान्य भिजवून वा शिजवून द्यावें, तेल आणि मीठ द्यावें, व्यालेल्या घोडीस तीन दिवस तूप पाजावें, असें सांगितलें आहे, हें आम्हीं त्यांना ऐकविलें. तुपाचें त्यांना फार पटलें. बाळंतिणीच्या खोलींत आणि पागेंत एकच शास्त्र चालतें, असा त्यांचा समज झाला, व तो आम्हीं खोडला नाहीं.

आहार ठरला, पण त्यासोबत पशुवैद्यांनीं तीन आठवडे खोगीर घालूं नये असेंहि बजावलें होतें. सकाळसंध्याकाळ हातानें फिरवावी, खरारा करावा, एवढेंच. येथें मामा गप्प झाला. चैत्र-वैशाख ही घोडेवाल्याची सुगी. शाळा सुटतात, मुंबई-पुण्याचीं कुटुंबें येतात, आणि मे महिन्याच्या कमाईवर पावसाळ्याचे चार महिने काढावयाचे असतात. कारण आषाढांत वर चिटपाखरूं येत नाहीं. ऐन सुगींत एक बैल बांधून ठेवा असें शेतकऱ्यास सांगावें, तसेंच हें. घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें, ही म्हण आपण हंसत हंसत म्हणतों. ज्याचें घरचेंच घोडें त्याच्या संसाराला भार होऊन बसतें, त्याला ती म्हणतां येत नाहीं. दलालानें सांगितलेला आंकडा मामाच्या डोक्यांत घोळत होता. दोन दिवस त्यानें गवत आणलें नाहीं, लसूणघासाची चौकशीहि केली नाहीं, आणि घोडी खोगिरासह दस्तुरीवर उभी राहिली.

निकाल लावला तो मामीनें. ती खालच्या वाडींतून भाकऱ्या घेऊन आली होती. तिनें सारें ऐकून घेतलें आणि नवऱ्यास म्हणाली, "इकली तर येतील ते पैसं पावसात खाऊन संपतील. मंग पुढल्या साली दुसरा घोडा कशानं घ्याल?" हा हिशेब पशुवैद्यांनीं मांडला नव्हता आणि आम्हांसहि सुचला नव्हता. त्या संध्याकाळीं खोगीर उतरलें. आमच्या मुक्कामांतल्या सर्व फेऱ्यांचें भाडें आम्हीं मामास आगाऊ दिलें, आणि त्या पैशांत पहिलें गवत आलें. दुसऱ्या घोड्यावर कामाचा ताण पडला. मामाचा मुलगा मग लोकांच्या बॅगा डोक्यावर वाहूं लागला; तो अठरा वर्षांचा पोरगा रात्रीं मान धरून बसलेला आम्हीं पाहिला आहे.

ओझ्यावरून आठवलें. ओझेवाहू जनावरांविषयीं १९६५ सालचे केंद्रीय नियम आहेत. त्यांत तट्टावर लादण्याच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो सांगितली आहे. भरलेला गॅसचा सिलिंडर तीस किलोंच्या आसपास. म्हणजे दोन सिलिंडर झाले कीं तट्टाचा मान पुरा झाला. उतारू सिलिंडराप्रमाणें शिक्का मारून येत नाहीं. नव्वद किलोंचे गृहस्थ लहानशा घोड्यावर बसून, घोडा हळू चालतो म्हणून मालकाशीं हुज्जत घालीत असतां आम्हीं पाहिले, आणि मुलांस तिकडे बोट दाखविण्यास मना केलें. दुसरी पीडा खाऊची. घोडा दिसला कीं त्याला बिस्किट, पाव, वडा, गुळाचा खडा भरवावा, असें सहलीस आलेल्या माणसास वाटतें, त्यांत प्रेमच असतें; परंतु दहा जणांचें प्रेम दिवसभरांत पोटांत गेलें म्हणजे त्या रांजणाची काय अवस्था होत असेल, हें वर सांगितलेंच आहे. मामानें बिजलीच्या गळ्यांत पुठ्ठा बांधला, त्यावर पुतण्यानें लिहिलें: 'मी पथ्यावर आहे.' त्याचा उपयोग झाला. लोक वाचून हंसत आणि खाऊ परत पिशवींत टाकीत.

पहिल्या आठवड्यांत डोळ्यांस कांहीं दिसलें नाहीं. मामा रोज विचारी, रोज मान हलवी. दहाव्या दिवशीं दावणीशीं चावलेल्या गोळ्या पडेनाशा झाल्या. लीद बांधीव होऊं लागली, दाणे दिसेनासे झाले. मग पोटाची घागर ओसरली, आणि त्यामुळें घोडी उलट अधिकच बारीक दिसूं लागली. तेव्हां मामाची समजूत घालतां घालतां पुरेवाट झाली. रात्रीं आम्ही ओसरींत बसलों असतां मागून गवत चावण्याचा सारखा आवाज येई. बाविसाव्या दिवशीं पुतण्यानें फीत लावली. घेर १४७, म्हणजे वजन २४५ किलोंच्या वर. तीन आठवड्यांत सहा-सात किलो. मुलें हिरमुसलीं, त्यांना बिजली फुगलेली पाहावयाची होती. पशुवैद्य मात्र दूरध्वनीवर म्हणाले, कीं याहून घाई करण्याचें कारण नाहीं.

आम्ही परत आल्यावर खबर येत राहिली ती पुतण्याच्या दूरध्वनींत. पाऊस लागल्यावर मामानें दोन्ही घोडे खालीं वाडीस नेले. पहिल्या हिरव्या गवतावर त्यानें बिजलीस एकदम मोकळें सोडलें नाहीं. पहिल्या दिवशीं अर्धा तास, मग एक, मग दोन, असें वाढवीत नेलें. हें त्याला कोणी सांगितलें नव्हतें, त्याचें त्यानेंच ताडलें. श्रावणांत तेल बंद केलें, कारण तें महाग झालें. दसऱ्याला फीत लावली तेव्हां घेर १५३ भरला; पुतण्याच्या वहींत त्यापुढें २६६ किलो असें लिहिलें आहे. बरगड्या हाताला लागतात, डोळ्यांस दिसत नाहींत. खोगीर पुन्हा चढलें आहे, पण दिवसाला तीनच फेऱ्या, आणि दुपारीं विसावा.

दलाल दसऱ्यानंतर एकदां येऊन गेला. मामीनें त्याला चहा पाजला. मामानें या खेपेस कार्तिकाची वाट पाहिली नाहीं; आश्विनांतच, गवत फुलोऱ्यावर असतांना, पायथ्याच्या एका उताराचें गवत ठरवून कापून घेतलें, आणि वाडीवर त्याची गंजी रचली. हरभऱ्याचें मात्र एकच पोतें घेतलें आहे. गंजीवर ताडपत्री हवी होती, ती आम्हीं दिवाळीच्या फराळाबरोबर पाठवून दिली.